पेटीतलं बाळ आणि दाराबाहेरचे आईबाप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की आपल्याकडे अजूनही म्हणतात, ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ कुणी म्हणतं, ‘काचेत ठेवलंय.’ इन्क्युबेटर हा शब्द डॉक्टरांचा. पेटी हा शब्द बाळाच्या आजीचा, मामाचा आणि हॉस्पिटलच्या जिन्यावर डबा घेऊन बसलेल्या माणसाचा. मला या शब्दाची गंमत वाटते आणि थोडी भीतीही. पेटी म्हटली की झाकण आलं, कुलूप आलं, आणि कुलूप आलं की किल्ली कुणाकडे हा प्रश्न आलाच. आज मी या पेटीचा इतिहास सांगणार आहे. यंत्राचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. माझं लक्ष आहे ते दाराबाहेर उभ्या असलेल्या दोन माणसांकडे.

पेटी येण्याआधी अशी बाळं घरातच असायची. बाळंतिणीची अंधारी खोली, कोपऱ्यात शेगडी, कापसात गुंडाळलेलं बाळ, आणि वाटीत पिळलेलं दूध कापसाच्या बोळ्यानं ओठांवर सोडणारी एखादी जाणती बाई. ऊब आणि आईचं दूध, या दोन गोष्टी त्या बाईला कुणी शिकवाव्या लागत नव्हत्या. तरीही बहुतेक बाळं जात, आणि गेलेल्या बाळाची नोंदही कुठे होत नसे. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगत. हीच समजूत प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकग्रंथांतही आहे. ती खरी नाही. पोटात एक महिना जास्त राहिलेलं बाळ अधिकच सुरक्षित असतं. पण इतक्या लांबच्या दोन समाजांनी एकच चुकीची गोष्ट इतकी शतकं धरून ठेवली, याचं मला इतिहासाचा मास्तर म्हणून फार कुतूहल आहे.

आता पॅरिस. १८७० च्या दशकाच्या अखेरीला स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि त्यांनी कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं. ते बनवणारा ओदिल मार्तँ हा गृहस्थ तिथेच काम करी. तार्निएंनी त्याला सांगितलं, असंच एक माणसाच्या पिलांसाठी करून दे. १८८० मध्ये पॅरिसच्या मॅटर्निटे या प्रसूतिगृहात ती पेटी आली. खाली पाण्याची टाकी, ते तापवायला दिवा, वर बाळं. एका पेटीत एकाहून जास्त बाळं मावत. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत आधी शंभरातली सहासष्ट दगावत होती, ते प्रमाण अडतीसवर आलं. एवढा फरक केवळ उबेनं पडला. औषध नाही, प्राणवायू नाही.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्यूदाँ हे माझ्या मते या सगळ्या कथेतले सर्वांत शहाणे गृहस्थ. १८९५ पासून अशक्त बाळांचा विभाग त्यांच्याकडे आला, आणि त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. बाळ महिना-दोन महिने पेटीत राहून वाचायचं, पण तोवर आईचं दूध आटलेलं असायचं आणि मनही. काही आया बाळाला न्यायला येतच नसत. ब्यूदाँ यांनी आयांना वॉर्डात बोलवायला सुरुवात केली. त्यांनी स्वतःच्या बाळाला पाजावं, पेटीच्या काचेतून त्याला पाहत राहावं, असा त्यांचा आग्रह होता. ‘ल नूरिसाँ’ म्हणजे ‘तान्हुलं’ हे त्यांचं पुस्तक १९०० साली निघालं. त्यात वजन, ऊब, दूध यांच्या हिशोबाबरोबर आईचाही हिशोब आहे. म्हणजे विसावं शतक उजाडलं तेव्हाच ही गोष्ट कागदावर आलेली होती. पुढची सत्तर वर्षं जग ती विसरलं.

विसरण्याची सुरुवात झाली जत्रेत. होय, जत्रेतच. अलेक्झांद्र लियाँ या फ्रेंच माणसानं सुधारलेली पेटी बनवली. ती महाग होती आणि गरिबांच्या बाळांसाठी पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. मग त्यानं दुकानासारख्या जागेत पेट्या मांडल्या आणि बघायला येणाऱ्यांकडून तिकीट घेतलं. १८९६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जिवंत बाळांच्या पेट्या झळकल्या. तिथून पुढे मार्टिन कूनी या माणसानं हा खेळ उचलला. लंडन, ओमाहा, बफेलो अशी प्रदर्शनं करत तो न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी, कोनी आयलंडच्या करमणूक-नगरीत स्थिरावला. १९०३ ते १९४३, तब्बल चाळीस उन्हाळे, एका बाजूला झुले, दुसऱ्या बाजूला चमत्कार दाखवणारे तंबू आणि मध्ये खरीखुरी, मुठीएवढी बाळं. तिकीट पंचवीस सेंट. दारावर आरोळी देणारा माणूस, आत पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सेस. त्यांतली एक आपल्या बोटातली अंगठी काढून बाळाच्या मनगटावर चढवून दाखवी, आणि लोक श्वास रोखून बघत.

ऐकून किळस येते ना? मलाही आली होती. पण थोडं थांबा. कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नसे. जत्रेतल्या तिकिटांवर नर्सेसचा पगार, दूध पाजणाऱ्या दायांचा पगार, स्वच्छता, सगळं चाले. त्या काळात बहुतेक अमेरिकी हॉस्पिटलांकडे अशा बाळांसाठी काही सोयच नव्हती. ‘दुर्बळ जन्मलेलं जगवायचं कशाला’ असं म्हणणारे शिकलेले लोक तेव्हा मोठ्या पदांवर होते. तेव्हा ज्यांच्या बाळांना हॉस्पिटलनं ‘घरी न्या’ म्हटलं, ते बाप बुटांच्या खोक्यात, टॉवेलात बाळ गुंडाळून जत्रेच्या दिशेनं धावत. आपण आठ हजारांवर बाळं घेतली आणि साडेसहा हजार वाचवली, असा कूनीचा दावा होता. तो खराखुरा डॉक्टर होता का, याचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. त्याची स्वतःची मुलगी १९०७ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि पुढे नर्स होऊन त्याच्याच हाताखाली उभी राहिली. अशा माणसाला भोंदू म्हणावं की पुण्यवान, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. कूनीच्या पेट्यांजवळ तिकीट काढून कुणीही जाऊ शके. आईला मोफत पास मिळे, पण बाळाचं काही करायची मुभा नसे. आपल्याच लेकराची ती प्रेक्षक. आणि ब्यूदाँ यांनी जे लिहून ठेवलं होतं तेच पुन्हा घडलं. बाळ गुटगुटीत झाल्यावर ‘आता घेऊन जा’ म्हणून काही आईबापांची मनधरणी करावी लागे.

१९२२ मध्ये शिकागोत ज्युलियस हेस यांनी हॉस्पिटलातच अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी खास विभाग उभारला. पेटी जत्रेतून दवाखान्यात आली, हे फार चांगलं झालं. पण तिच्याबरोबर जंतुसंसर्गाची भीतीही आली. ती भीती खोटी नव्हती. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा एका खोकल्यानं अख्खा वॉर्ड रिकामा होऊ शके. मग नियम झाला: हात कमीत कमी लावायचा, बाहेरचं कुणी आत यायचं नाही. आणि ‘बाहेरचं’ या यादीत आईचं नाव पहिलं लागलं. दाराला काच बसली. पुढे प्रतिजैविकं आली, पण काच तशीच राहिली. कारण गेलं तरी नियम टिकतो, याचं एवढं ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्या काचेआड काय चालतं हे आईबापांना विचारताही येत नव्हतं. १९४० च्या दशकात बंदिस्त पेट्यांतून प्राणवायू मुबलक दिला जाऊ लागला आणि बाळं आंधळी होऊ लागली. १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी या अंधत्वाचं वर्णन केलं. कारण शोधायला दहा वर्षं गेली. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये बोट ठेवलं ते जादा प्राणवायूवर, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा हॉस्पिटलांच्या एकत्र चाचणीनं ते सिद्ध झालं. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. १९५० मध्ये जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. गंमत अशी की साध्या, फटी असलेल्या पेट्यांच्या गरीब हॉस्पिटलांत हा आजार कमी होता; प्राणवायू साठूच शकत नव्हता.

काच श्रीमंत-गरीब बघत नसे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. नाव पॅट्रिक. श्वास लागला म्हणून बाळाला बोस्टनला हलवलं. आई जिथे बाळंत झाली तिथेच राहिली. एकोणचाळीस तासांत ते गेलं. फुप्फुसांच्या आतला एक निसरडा पदार्थ अशा बाळांत तयार झालेला नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी चारच वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये दाखवून दिलं होतं. कारण कळलं होतं, उपाय नव्हता. आज तेवढ्या वजनाचं बाळ आपल्याकडचं चांगलं जिल्हा रुग्णालयही बहुधा वाचवतं. मधल्या काळात न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये प्रसूतीआधी आईला द्यायचं स्वस्त इंजेक्शन शोधलं, श्वासाला आधार देणारी यंत्रं आली, १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी तो निसरडा पदार्थच बाहेरून फुप्फुसात सोडून दाखवला. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण त्यावर स्वतंत्र भाषण व्हायला हवं.

इथे थोडं घरचं सांगतो. १९८७ मध्ये आमचा मुलगा आठव्या महिन्यात जन्मला, तेराशे ग्रॅमचा. तालुक्याच्या गावी पेटी नव्हती. मी आणि माझा मेहुणा त्याला जीपमधून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो; पत्नी टाके पडलेली, गावीच. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते पाच दहा. पडदा सरकायचा, सिस्टर बोट दाखवायच्या, चौथी पेटी. वीस दिवस मी चौथ्या पेटीकडे बघितलं. मला त्याचं तोंड नीट दिसलं नव्हतं. पायाला बांधलेल्या पट्टीवरून ओळखायचो. पत्नी गावी वाटीत दूध काढायची, माझी आई ती वाटी आधी उकळून घ्यायची, आणि मेहुणा बर्फ घातलेल्या थर्मासमधून ते दूध पहाटेच्या एसटीनं आणायचा. काही दिवस ते खिडकीतून आत घेतलं जाई, काही दिवस ‘आज नको’ असं सांगत. का नको, हे कुणी सांगत नसे आणि विचारायचं धैर्य माझ्यात, एका शिक्षकात, नव्हतं. उद्धटपणा केला तर बाळाकडे दुर्लक्ष होईल, ही भीती दाराबाहेरच्या प्रत्येक बापाला असते.

पाचवीला माझ्या आईनं घरी पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणतात. आईला प्रश्न पडला, बाळ तिकडे, कागद इकडे. सटवाईला पत्ता कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद घडी घालून मेहुण्याबरोबर धाडला. मी भीतभीत सिस्टरांपुढे धरला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तो कागद बाळाच्या केसपेपरला टाचणी लावून टाकला. आत काही बोलल्या नाहीत. त्या वीस दिवसांत आमच्या घरातलं तेवढंच काय ते काचेच्या आत गेलं.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की ती काच फुटून वीस वर्षं होत आली होती, फक्त आमच्यापर्यंत खबर पोचली नव्हती. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच आयांना हात धुऊन, गाऊन घालून आत घेतलं आणि १९७० मध्ये निष्कर्ष छापले: संसर्ग वाढला नाही. आणखी एक गोष्ट वाचून मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तान्ह्या बाळाला वेदना फारशी कळत नाही, अशी समजूत १९८० च्या दशकापर्यंत इतकी पक्की होती की शस्त्रक्रियेच्या वेळी हालचाल थांबवणारं औषध देत, वेदनाशामक अनेकदा देत नसत. अमेरिकेतल्या एका आईनं बाळ गेल्यावर त्याचे कागद मागवून वाचले आणि तिला हे कळलं. तिनं १९८६ मध्ये त्याला वाचा फोडली. त्याच सुमाराला ऑक्सफर्डला काम करणारे आपले भारतीय डॉक्टर कन्वलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की पुरेसं वेदनाशामक दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली सावरतात. त्या आईला आत येऊन बघता आलं असतं तर? असो.

काच खऱ्या अर्थानं मोडली ती गरिबीनं. कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. एका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळाला लंगोट-टोपीवर आईच्या छातीशी उभं बांधलं. कांगारूच्या पिशवीसारखं. पुढच्या वर्षी हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. ऊब मिळाली, दूध तोंडाशी आलं, आणि आई बाळाला टाकून जाण्याचा प्रश्नच उरला नाही. आपल्या त्या अंधाऱ्या खोलीतल्या जाणत्या बाईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग आम्ही काय करत होतो?

मुंबईचं सायन हॉस्पिटल धारावीला लागून. तिथेही गर्दी तीच आणि हात तेवढेच. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथल्या नवजात विभागात वरच्या दुधाला फाटा देऊन आईच्या दुधावर भर दिला आणि बाळाच्या देखभालीत आईला सामील करून घेतलं. ज्या आईला दूध नाही तिच्या बाळाला दुसरीचं मिळावं म्हणून १९८९ मध्ये त्यांनी तिथे दुग्धपेढी काढली, आशियातली पहिली. बँक म्हटली की आपल्याला पैसा आठवतो. इथे ठेवी ठेवणाऱ्या बायकांपैकी कित्येकींच्या घरी रात्रीच्या भाकरीची भ्रांत होती.

गडचिरोलीत तर हॉस्पिटलच लांब. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला उबदार पिशवीत ठेवणं, वजन करणं, गुदमरलेल्याला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, सगळं घरात, आजीच्या देखत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर हजारी बासष्टवरून सव्वीसच्या आसपास आला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे आशाताईंच्या हातून देशभर गेलं.

त्याच वेळी दुसऱ्या वाटेनं पेट्याही वाढल्या. २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात जिल्हा पातळीवरचा पहिला नवजात अतिदक्षता कक्ष सुरू झाला. नंतर तो जिल्ह्याजिल्ह्यांत झाला. त्यानं असंख्य बाळं वाचली, यात वाद नाही. पण ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. १९११ मध्ये कोनी आयलंडच्या ड्रीमलँडला आग लागली, सगळी करमणूक-नगरी जळाली, आणि पेट्यांतली बाळं मात्र सुखरूप बाहेर काढली गेली होती. ही दोन टोकं मी शेजारी ठेवतो आणि पुढे काही बोलत नाही.

दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना शिकवून बाळाच्या देखभालीत घेण्याचा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारनं त्याची मार्गदर्शक सूचना काढली. त्याहून मोठी गोष्ट घडली ती दिल्लीच्याच सफदरजंग रुग्णालयासह आफ्रिकेतल्या चार देशांत. जागतिक आरोग्य संघटनेनं एक किलो ते सतराशे नव्व्याण्णव ग्रॅमच्या बाळांना, तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मल्यापासून आईच्या छातीशी ठेवून पाहिलं. दुसऱ्या गटाला आधी नेहमीची पेटी. महिन्याभरात पेटीच्या गटात शंभरातली जवळपास सोळा बाळं गेली, आईच्या गटात बारा. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि २०२२ मध्ये संघटनेनं तशी शिफारसच केली. आई नसेल तर बापानं, आजीनं, कुणीही घरच्यानं शर्टाची बटणं सोडून किंवा पदराआड बाळाला छातीशी घ्यावं.

सफदरजंगला यासाठी अतिदक्षता कक्षातच आईची खाट टाकावी लागली. ऐकायला सोपं वाटतं. पण बाळंतीण तिथे झोपली की तिचे टाके, तिचं रक्तदाब तपासणं, तिची औषधं, सगळं तिथेच आलं. म्हणजे प्रसूती विभागाच्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना बाळांच्या वॉर्डात यावं लागणार, तिला जेवण तिथे लागणार, संडास-न्हाणीघर जवळ लागणार. आपल्या बहुतेक जिल्हा रुग्णालयांत प्रसूतीचा वॉर्ड एका मजल्यावर आणि बाळांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्याच इमारतीत असतो. टाके पडलेल्या बाईनं दर दोन तासांनी जिना चढून दूध पाजायला जायचं. नव्या इमारतींचे नकाशे सध्या अनेक ठिकाणी होत आहेत. ते नकाशे मंजूर करणाऱ्यांना एकच विचारायला हवं, की पेटीशेजारी खाटेची जागा कुठे काढली आहे, आणि त्या खाटेपासून न्हाणीघर किती पावलांवर आहे.